बंद गोळा

मुलींच्या सुधारगृहात उशांचीसुद्धा झडती व्हायची. तिथे सगळ्या जिला घुमी म्हणत, त्या पोरीने मातीचा पोकळ गोळा करून चहूबाजूंनी लिंपून टाकला. ओला होता तोवर गोळाही तिच्यासारखाच गप्प राहिला. आठवड्याने चित्रकलेच्या बाईंनी तो उचलला, तर आत काहीतरी खुळखुळलं. “काय गं ठेवलंस आत?” घुमी ताकास तूर लागू देईना. दारातली पहारेकरीण पुढे आली. “फोडा बाई, नसती आफत नको.” हात तर बाईंचेही शिवशिवत होते. त्यांनी गोळा कानाशी हलवला, मग घुमीकडे पाहिलं. ती डोळे मिटून गोळा फुटण्याची वाट बघत होती. बाईंनी गोळा कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली पहारेकरणीला दिली. “तिचा आहे. फोडेल तर तीच फोडेल.” घुमीने डोळे उघडले. हळूच स्टूल बाईंपाशी ओढलं. “सांगू बाई, आत काय आहे?”