बॅटरीची पेटी

चेअरमनसाहेब, तुम्ही आम्हा भागधारकांशी धडधडीत खोटं बोललात. ऑनलाइन सभेत छाती फुगवून म्हणालात, “गावोगावच्या टॉवरांसाठी मोठी कंपनी आपल्याला विकत घेणार, शेअर विकू नका.” मी ते चौसाळ्यात दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ऐकलं; तुमच्या सिमला रेंजच नव्हती. शेजारी भिवराबाई होती. तुमचा टॉवर तिच्या रानात, म्हणून कंपनी घरचीच समजून तिनं ऊसतोडीची कमाई तुमच्या शेअरमध्ये घातलीय. “भाऊ, इकू का ठिवू?” तिनं विचारलं. “आधी टॉवर बघू,” मी म्हणालो. तिनं हसत टॉवरखालची बॅटरीची पेटी उघडली. आत गोवऱ्या. “वरीस झालं, बॅटऱ्याच न्हाईत. पावसात गवऱ्या खडखडीत कोरड्या ऱ्हातेत.” साहेब, तुमच्या अख्ख्या कारभारात कामाला आलेली ती एकच वस्तू. घेणारी कंपनी ही पेटी उघडणारच. त्याआधी भिवराबाईला तोंडावर उत्तर द्या: “इकू का ठिवू?”