वाचून दाखवणारी

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मागे हात घालून नवऱ्याने एकेक जोडणी चाचपली आणि पेन ड्राइव्ह खाचेत सरकवला. जुनी सिस्टिम काढून आज तो नवी, बोलती आवृत्ती बसवणार होता. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचून दाखवणारी.

तो लहानपणापासून आंधळा. आंधळा माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हटल्यावर लोक आधी हसले, मग मुकाट्याने मशीन घेऊन येऊ लागले. हात त्याचे, डोळे बायकोचे. ती वाचायची, तो बटणं दाबायचा. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गेल्या महिन्यात एका फोटोग्राफरच्या मशीनवर 'फाइली ठेवा'ऐवजी 'सगळं पुसा' दाबलं गेलं. नऊ वर्षांचे फोटो गेले. तो भला माणूस याच काउंटरवर डोकं टेकून रडला. "माझं बोट घसरलं," नवऱ्याने हात जोडून सांगितलं. बोट घसरलं नव्हतं. तिने "वरचं" म्हटलं होतं, त्याने वरचं दाबलं होतं.

घरी गेल्यावरही तो तिला काही बोलला नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटत राहिलं. आणि आता ही बोलती बया दुकानात येणार. काय समजायचं ते ती समजली. त्याचा आपल्यावरचा भरवसा उडाला. उद्यापासून त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसायला आपल्याला काही कारण उरणार नाही. सकाळी चहा ओतताना कप भरून वाहिला तरी ती ओततच राहिली. असल्या मनःस्थितीत माणसाचं लक्ष कुठे असतं?

"ती पूर्ण बसेपर्यंत तूच वाच," तो म्हणाला. "ये."

ती स्टुलावर बसली आणि पुढे वाकली. त्याच्या एका कानात इयरफोन होता. काम करता करता बातम्या ऐकायची त्याची जुनी खोड.

"भाषा विचारतंय," ती म्हणाली. "आपली पहिलीच आहे."

त्याने एंटर दाबलं. "आता?"

"अटी मान्य आहेत का. खाली चौकोन आहे."

तो जरा थांबला, मग दोन-तीन बटणं दाबली. "फाइलींचं आलं?"

तिचा आवाज खाली गेला. "आलं. 'ठेवा' खाली आहे. खालचं."

"नक्की?"

"नक्की म्हणते ना."

त्याने दाबलं. पंखा घरघरू लागला.

"बावीस वर्षांत एक चूक झाली हो माझी," ती एकदम म्हणाली. "मला उठवायचंच असेल तर तोंडाने सांगा. मध्ये मशीन कशाला आणता?"

"तुला उठवून मी कुठे जाणार?"

"गोड बोलू नका."

"किती झालं?"

"चाळीस टक्के." थोड्या वेळाने ती म्हणाली, "सत्तर." मग आणखी थोड्या वेळाने, "शंभर. झालं. आता बोलवा तुमच्या बाईला."

तो लगेच हलला नाही. हात मांडीवर ठेवून आणखी पाच-सात मिनिटं तसाच बसला. तिने डोळे पुसले. मग त्याने कानातला इयरफोन काढला, तिचा गाल चाचपला आणि तो हळूच तिच्या कानात बसवला. आत बातम्या नव्हत्या; एक बाई शांतपणे सिस्टिमची एकेक ओळ वाचत होती.

"हे काय?" ती म्हणाली. "हे तुमच्यासाठी आहे ना?"

"तुझ्यासाठी आणलंय."

"मला कशाला? मला दिसतंय की पडद्यावरचं."

त्याने तिचा हात हातात घेतला.

"पडदा बंद आहे, गं," तो म्हणाला. "त्याची वायर मी सकाळीच काढून ठेवलीय."