पहिल्या दिवसाचा नमुना

बाबांना बाहेर बाकावर बसवून थोरली लेक एकटीच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच होता. पाच महिने टीबीच्या गोळ्या चालू, तरी खोकला जागच्या जागी आणि वजन उतरतच चाललेलं. बाबा गोळ्या फेकतात, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या महिन्यात पलंगाखाली एक सापडली होती ना! सापडली एकच, पण तेवढ्यावर तिने रान उठवलं. धाकट्या भावाला सांगितलं, आत्याला सांगितलं. तेव्हापासून गोळी गिळली की बाबांनी जीभ उचलून दाखवायची. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला तो माणूस रोज सकाळी मुकाट्याने तिच्यासमोर तोंड उघडून उभा राहायचा. एका गोळीवरून माणूस चोर ठरला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. जंतूच्या जनुकांमधला नेमका तेवढाच भाग वाचून घेतला होता, जिथे तो कुठल्या औषधाला दाद देणार नाही हे कळतं. एक नमुना मागच्या आठवड्याच्या थुंकीचा. दुसरा अगदी पहिल्या दिवसाचा, प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये राहिलेला. दोन्हींत उत्तर एकच. बाबांच्या गोळ्यांमधल्या एका मुख्य औषधाला हा जंतू सुरुवातीपासूनच जुमानत नव्हता. आधीच्या झटपट चाचणीत वेगळ्याच औषधाचं बघतात, म्हणून हे निसटलं.

"म्हणजे बाबा गोळ्या घेत होते?"

"ते हा कागद सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एकूण एक गोळी घेतली असती, तरी हेच झालं असतं."

थोरलीने दोन्ही रिपोर्ट जवळ ओढले आणि वरच्या तारखा पुन्हा वाचल्या.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर उघडला. 'औषधे नियमित घेत नाहीत', त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यावर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली. तुमच्या बोलण्यावरून लिहून मोकळी झाले, बाबांना एका शब्दानं विचारलं नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. मग नवीन औषधं लिहून दिली. या जंतूवर ती चालतात, हेही त्याच रिपोर्टात होतं.

बाहेर येऊन थोरली बाबांना खेटून बसली. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं, की औषधच लागू पडत नव्हतं, पहिल्या दिवसापासून, आणि यात तुमची काही म्हणजे काही चूक नाही. माझंच चुकलं, हेही म्हणाली.

बाबांनी मास्क जरा सारखा केला.

"असं होय," ते म्हणाले. "मला आपलं वाटायला लागलं होतं, फेकत असेन मीच, आणि नंतर आठवत नसेल."