लुगड्याची झोळी

कपाशी वेचताना तानुबाई तान्ह्या लेकाला लिंबाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजवायची. पोर चार वर्षांचं झालं तरी बोलेना, नजर देईना. सासू म्हणाली, “झोयीमा टाकी दिधं, मायाच लाई नही.” झोळी पेटीत घालून तानुबाई पोराला बळंच उराशी धरू लागली, ते किंचाळायचं, चावायचं, ती सोडायची नाही. आज धुळ्याला ती पहिल्यांदाच नवऱ्यासोबत डॉक्टरकडे आली. “ऑटिझम आईमुळे होत नाही. मेंदूची घडणच पोटात असल्यापासून वेगळी असते, संशोधन हेच सांगतं,” डॉक्टर म्हणाले. मग नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे पोराला घेऊन आले होते, तेव्हा यांना दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय.” बाहेर येताच तिने नवऱ्याला जाब विचारला, “माले काब्र सांगं नही?” “मायना तोंडले कोन लागी?” आईला घाबरणारा नवरा म्हणाला. घरी तिने झोळी आढ्याला बांधली. पोर आपणहून शिरलं, शांत झालं. नवऱ्याने झोका द्यायला हात पुढे केला. ती म्हणाली, “हात नका लावा.”