एकोणतिसाचा पाढा

तापात कान गेले, तरी सातवीच्या फायनल परीक्षेत मी तालुक्यात पहिली आले. अमळनेरला मास्तरणीची नोकरी नाकारली, म्हणून आज धरणगावच्या कन्याशाळेत नमुना पाठाला उभी होते. "बहिरी बाई पाढे कसे तपासणार?" शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांनी पाटीवर लिहून माझ्यापुढे धरलं. मी तडकले. मुलींना म्हटलं, "एकोणतिसाचा पाढा, सगळ्या मिळून!" चाळीस तोंडं उघडली. साहेब डोळे मिटून ऐकत होते, मी ओठ बघत होते. तिसऱ्या रांगेतल्या भिकी नावाच्या मुलीपुढे मी थांबले. "एकोणतीस सक भाकर? एकोणतीस आठे भाकर?" पोरगी रडवेली झाली. गलक्यात आकड्यांऐवजी 'भाकर' म्हणत ओठ हलवणाऱ्या तिला आजवर कुणी पकडलं नव्हतं. साहेबांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं, "ऐकू येत नाही. नामंजूर." दारातून मी चडफडत वळून पाहिलं. भिकी शेजारणीच्या कानाला लागली होती. तिचे ओठ वाचले: "हाई बाई नको वं माय! हिले बठ्ठं सम्दं ऐकू येस!"