पडद्यावरची जैतून

पडद्यावरच्या बाईला बघून रहमान खुर्चीतून अर्धा उठला. ती त्याची बायको होती.

शेजारी बसलेल्या एचआरच्या मुदस्सिरने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. "गप बसा, रहमानभाई. चेअरमनसाहेबांना काय सांगितलेलं नाय."

दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या, एसीने गारठलेल्या हॉलमध्ये 'गरीब देशांच्या विकासात उद्योगांचा वाटा' हा कार्यक्रम रंगात आला होता. कंपनीने आपला वाटा उचलला होता, म्हणजे कोकणातल्या चार बायकांना शिलाई मशीन देऊन त्याची फिल्म काढली होती. मशीनपेक्षा फिल्म महाग पडली. गरीब घर शोधायचं काम मुदस्सिरवर आलं. त्याने फार पायपीट केली नाही. आपल्याच गावातलं, कंपनीच्या स्टोअरकीपरचं, म्हणजे रहमानचंच घर दाखवून तो मोकळा झाला. जैतूनभाभीला तेवढं बजावलं, की भाईंना सांगू नका, सरप्राइज आहे.

पडद्यावर जैतून विटकी ओढणी घेऊन मशीन चालवत होती. ओढणी शेजारणीची होती. हातातल्या बांगड्या उतरवलेल्या आणि मागच्या फ्रीजवर चादर टाकलेली. तिच्या डोळ्यांतल्या आशेबद्दल कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. जैतूनला शिवण येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. रहमानला यातलं काही दिसत नव्हतं. दोन वर्षं मोबाइलमध्ये बोटभर दिसणारी बायको आज भिंतीएवढी झाली होती. त्याला रडूच फुटलं.

तिला दोह्याला आणायचं तर फॅमिली व्हिसा हवा, आणि त्यासाठी पगार वाढायला हवा. पगारवाढीचा अर्ज वर्षभर मुदस्सिरच्या "इन्शाल्ला"वर तग धरून होता. आज कुठे तो चेअरमनसाहेबांच्या सहीपर्यंत पोचला होता.

दिवे लागले. साहेबांनी रुमालाने डोळे टिपले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. माणूस तसा वाईट नव्हता.

"एवढी कर्तबगार बाई, आणि ही दशा!" ते माइकवर म्हणाले. "हिचा नवरा काही करत नाही का?"

हॉल हळहळला. मागच्या रांगेत कुणीतरी नवऱ्याला दारुडा ठरवूनही टाकलं.

मुदस्सिरने रहमानचा गुडघा दाबला. "अर्जावर सही व्हायचीय तुमच्या. एक शब्द बोललात तर खलास."

रहमानने सहीचा विचार केला. जैतूनचाही केला. मग गुडघा सोडवून घेत तो उभा राहिला.

"करतो ना, सर. मीच तिचा नवरा. अकरा वर्षं तुमच्या कंपनीचा विकास करतोय."