ज्युनोचा पाय

ज्युनोनं लाकडी पुलावर पुढचा पाय टाकला, दाबून पाहिला आणि मागे घेतला. अमेरिकेतल्या त्या फिरत्या सर्कशीचा रिवाजच होता, पुलावर आधी हत्तीण, मग गाड्या. ती अडली की मुकाट्यानं वळसा घालायचा.

पण आज मागच्या गाडीत माहूत एझ्राची बायको पहाटेपासून कळांनी तळमळत होती. मूल आडवं आलं होतं आणि डॉक्टर नदीपलीकडच्या गावात होता. वळशात सगळा दिवस गेला असता.

"हाक तिला, एझ्रा!" मालक ओरडला.

अंकुश टोचूनही ती हलेना. मग एझ्रा स्वतःच पुलावर शिरला. खिशातलं सफरचंद पुढे धरून, उलट्या पावलांनी चालत म्हणाला, "ये गं बाई. मी आहे ना पुढे."

त्याच्या शब्दाखातर ती निघाली.

त्याची टाच पलीकडच्या मातीला लागली, तेवढ्यात मधल्या तुळया कडाडल्या. पूल ज्युनोला घेऊन खाली गेला.

"नशीब, गाड्या मागे होत्या!" समोरच्या काठावर मालकानं सुस्कारा सोडला.

एझ्राच्या हातात सफरचंद तसंच होतं. मागच्या गाडीतून बायकोची किंकाळी तेवढी नदी ओलांडून आली.